धवलारणीचं नाव काय?

मराठी कवितेत सही करायची जागा पूर्वापार ठरलेली आहे. अभंगाचा शेवटचा चरण आला की तुकोबा आपलं नाव घालतात, नामदेव घालतात, एकनाथ घालतात. वर्गात मी विचारायची, "हा अभंग कोणाचा?" मुलं वरच्या ओळी सोडून थेट शेवटची ओळ बघायची आणि हात वर करायची. हुशार होती! या सहीला नाममुद्रा म्हणतात. शाहीरही ती करत. शिवाजी महाराजांच्या काळात अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास आणि तानाजीचा पोवाडा रचणारा तुळशीदास यांची नावं साडेतीनशे वर्षांनंतर आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांनी ती पोवाड्यातच गुंफून ठेवली. लावणीत तर एक गंमत आहे. होनाजी शिलारखाने रचायचा आणि बाळा कारंजकर गायचा. दोघांची मिळून एकच मुद्रा झाली, होनाजी बाळा. रचणाऱ्याच्या शेजारी गाणाऱ्यालाही सहीत जागा मिळाली.

आता आपल्या घरातल्या बायकांची गाणी आठवा. जात्यावरची ओवी, बाळाचा पाळणा, हळदीचं गाणं, आमच्याकडचे धवले. यात सही कुठेच नाही. एक ओवी संपते आणि दुसरी सुरू होते. ती कोणाची, हे विचारायला कोणी थांबत नाही.

हे बायकांचं मोठेपण म्हणायचं की त्यांच्यावरचा अन्याय, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे. बी.ए.ला आम्हाला शिकवलं होतं की लोकगीताला कर्ता नसतो, ते समूहाचं असतं. परीक्षेत ते लिहून आम्ही मार्कही मिळवले. पण समूह म्हणजे कोण? समूहाला गळा नसतो. गळा एकेका बाईला असतो. आजचा लेख त्याबद्दल आहे. नातेवाईकांनी कृपया शेवटपर्यंत वाचावा, शेवटी त्यांच्यासाठी एक काम ठेवलं आहे.

जासई, उरण, पनवेल, पेण, अलिबाग या पट्ट्यातल्या वाचकांना धवलारीण कोण ते सांगायला नको. पण माझे काही वाचक विदर्भातले आहेत, दोघं-तिघं परदेशात आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आगरी-कोळी लग्नांत सगळे विधी गाण्यांतून चालवणारी बाई म्हणजे धवलारीण. ती म्हणते त्या गाण्यांना धवले म्हणतात, कोणी धवला म्हणतात, कोणी धवळे. मांडव उभा राहिला की तिचं काम सुरू होतं. देवांना आवतण, हळद, नवऱ्यामुलाची अंघोळ, मुंडावळ्या बांधणं, वऱ्हाड निघणं, ज्या त्या वेळेला तिचं वेगळं गाणं. हे गाणं करमणुकीचं नाही. गाणं म्हटलं की तो विधी झाला, नाही म्हटलं तर राहिला, असा त्याचा मान. एक म्हणते, बरोबरीच्या दोघी-तिघी झेलतात. पुढे काय करायचं, हे घरातले कर्ते पुरुषसुद्धा तिच्या तोंडाकडे बघून ठरवतात.

भटजी बोलावून मंगलाष्टकं म्हणायची पद्धत रुळण्याआधी आमच्याकडे लग्न लावायची ती धवलारीणच, असं जुनी माणसं सांगत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीशिवाय लग्नं लावून दाखवली. त्यासाठी त्यांना आणि त्यांच्या माणसांना केवढं झगडावं लागलं, पार कोर्टापर्यंत जावं लागलं. इकडे खाडीकाठी अक्षरओळख नसलेली बाई मांडवात उभी राहून पौरोहित्य करत होती आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं. विशेष वाटत नव्हतं, म्हणूनच कदाचित कोणी लिहूनही ठेवलं नाही.

आता धवल्याची बांधणी बघा. त्यात मोकळ्या जागा असतात. चाल तीच, बाकीचे शब्द तेच, पण त्या जागांवर त्या त्या मांडवातली नावं बसवायची. नवऱ्यामुलाचं नाव, त्याच्या आईबापाचं, मामाचं, काकाचं, करवलीचं, गावच्या देवाचं. आमच्या लहानपणी बायका चारचौघांत नवऱ्याचं नाव घेत नसत. घ्यायचंच झालं तर उखाण्यात गुंडाळून. सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव तर तोंडातून काढायचंच नाही. अशा गावात ही एक बाई अशी, की जी सगळ्यांची नावं खड्या आवाजात, सगळ्या मांडवाला ऐकू जातील अशी घ्यायची. आणि क्रम चुकून चालायचं नाही. एखाद्या काकाचं नाव राहिलं म्हणून तो काका रुसून मांडवाबाहेर जाऊन बसलेला मी स्वतः पाहिला आहे. धवलारणीने पुढच्या कडव्यात त्याचं नाव दोनदा घेतलं, तेव्हा स्वारी जेवायला उठली!

कोण कोणाचा चुलता, कोणाची आजी कुठल्या गावची, कोणत्या घरात कोणाचं बोलणं बंद आहे, हे सगळं तिला ठाऊक असावं लागतं. तलाठ्याच्या दप्तरात नसेल एवढी वंशावळ तिच्या डोक्यात. म्हणजे सगळ्या गावाची नावं तिच्या तोंडून उमटतात आणि तिच्या नावाला मात्र गाण्यात एकही मोकळी जागा नाही.

हा प्रकार फार जुना आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. आम्हा भातवाल्यांना कांडण म्हटलं की लगेच उखळ-मुसळ डोळ्यांपुढे येतं. राजाने गाणं नोंदवलं, काम नोंदवलं, प्रदेश नोंदवला. नाव कोणाचं नोंदवायचं, हा प्रश्न त्याला पडायचं कारणच नव्हतं.

पण पुढच्याच शतकात एक नाव सापडतं, आणि ते नेमकं धवळ्यांशी जोडलेलं आहे. महदाइसा, म्हणजेच महदंबा. चक्रधरस्वामींची शिष्या. १२८७ च्या सुमाराची गोष्ट. आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंनी लग्नाची लहर धरली. भक्तमंडळींनी हौसेने लग्नाचा घाट घातला आणि त्या प्रसंगी महदाइसेने धवळे रचून म्हटले. विषय श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांचं लग्न. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो आणि तिची ओळख पटते ती या लग्नाच्या गाण्यांवरून. धवळे हा प्रकार तिने एका दिवसात शोधून काढला नसणार. लग्नात बायका असं काही गात असणारच, तो साचा तिने उचलला आणि त्यात आपली बुद्धी ओतली. आमच्या धवलारणी तिच्या वंशातल्या, असा दावा मी करत नाही. पण शब्द एक आहे, प्रसंग एक आहे आणि गळा बाईचा आहे, एवढं खरं.

मग महदाइसेचं नाव टिकलं आणि तिच्या आधीच्या सगळ्यांचं का गेलं? माझ्या मते कारण साधं आहे. महानुभाव पंथाला लिहून ठेवायची सवय होती. म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' वाचा. स्वामी कुठे थांबले, काय जेवले, कोणी काय विचारलं, इतकं बारीक लिहिलं आहे. महदाइसा सारखी प्रश्न विचारते, हेही त्यात आहे. नाव टिकायला नुसती प्रतिभा पुरत नाही, जवळ लिहिणारं माणूस लागतं.

याचं दुसरं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१). शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गात राहिल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, म्हणून ती गाणी कागदावर उतरली आणि आईच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तक आलं. अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. बहिणाबाई थोर होत्याच. पण त्यांच्या शेजारच्या शेतात आणखी कोणी थोर नव्हती, असं कशावरून? तिचा मुलगा कवी नव्हता, एवढंच आपल्याला म्हणता येईल.

आता कोणी म्हणेल, बाई, संत कवयित्रींनी सह्या केल्याच की! केल्या. मुक्ताबाईंनी स्वतःच्या नावाने केली. पण जनाबाईंची सही बघा, नामदेवांची दासी अशी. सोयराबाईंची बघा, चोखोबांची बायको अशी. सहीतसुद्धा आधी पुरुषाचं नाव येतं. यात त्यांची भक्ती होती, विनय होता, हे मला मान्य आहे. पण नामदेवांनी कधी 'जनीचा धनी' अशी सही केली नाही, हेही खरं.

आणि याची उलटी बाजू तर फारच मजेशीर आहे. बाईच्या मनातलं बाईच्या तोंडून सांगणारी लावणी शतकानुशतकं पुरुषांनी रचली. रामजोशी, होनाजी, पुढे पठ्ठे बापूराव. गाण्यातली 'मी' बाई, सही बुवाची. पवळाबाईंच्या गळ्याने बापूरावांच्या लावण्या महाराष्ट्रभर गेल्या, पण लावणी म्हटली की ती बापूरावांची. नाटकात नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, स्त्रीभूमिका करून गाजले. मी त्यांची भक्त आहे, तेव्हा गैरसमज नको. पुरुषाने बाईचा आवाज घेतला तर त्याचं नाव झालं. बाई स्वतःच्या आवाजात गायली तर ते 'लोकगीत' झालं. एवढाच फरक मला दाखवायचा आहे.

इंग्रज साहेबालाही आपल्याकडे पुरुषांचंच गाणं आधी दिसलं. वडाळ्याला अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, ते ज्याच्या नावाने आहे तो हॅरी अ‍ॅक्वर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. त्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ साली 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह काढला आणि पुढे १८९४ साली काही पोवाड्यांचं इंग्रजी भाषांतर 'मराठ्यांचे बॅलड्स' अशा अर्थाच्या नावाने छापलं. मराठी पुस्तकाच्या नावात स्त्रिया आहेत, पण त्या पोवाड्याचा विषय म्हणून. साहेबाने शाहीर आणि गोंधळी ऐकले. पहाटे जात्याजवळ जाऊन बसणं त्याला शक्यही नव्हतं.

हा 'बॅलड' शब्द मुळात तिकडचा, आणि स्कॉटलंडचे बॅलड तर जगप्रसिद्ध. म्हणून तिकडे काय झालं, ते शोधून वाचलं. तिकडे ही कथागीतं जपली ती मोठ्या प्रमाणावर बायकांनी. त्यातली सर्वांत नावाजलेली म्हणजे अ‍ॅना गॉर्डन (१७४७ ते १८१०). अ‍ॅबर्डीनच्या एका प्राध्यापकाची मुलगी. गाणी शिकली ती मावशीकडून आणि घरातल्या इतर बायकांकडून, लहानपणी ऐकून ऐकून. वॉल्टर स्कॉटने तिच्या गाण्यांचा उपयोग केला. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात ३०५ बॅलडचा जो प्रचंड संग्रह छापला, त्यात तिची गाणी फार मोलाची मानली गेली. पण अभ्यासकांच्या जगात तिला कोणत्या नावाने ओळखत? 'फॉकलंडच्या मिसेस ब्राऊन'. ब्राऊन हे नवऱ्याचं आडनाव, फॉकलंड हे नवऱ्याच्या नोकरीचं गाव. म्हणजे तिच्या पदरात स्वतःचं असं काय राहिलं? वाचून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. सात समुद्रांपलीकडेही हीच तऱ्हा!

विसाव्या शतकात मात्र तिकडे बदल झाला. १९५३ साली हॅमिश हेंडरसन हे संग्राहक अ‍ॅबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसन (१९०८ ते १९७५) या बाईच्या दाराशी पोचले. ती भटक्या समाजातली, ज्यांच्याकडे तिकडचा पांढरपेशा समाज नाक मुरडून बघायचा. आईकडून आलेली गाणी ती गायची. हेंडरसननी तिचा आवाज टेपवर घेतला, तिच्या नावानिशी लोकांपुढे आणला, आणि १९६८ साली तिला सरकारी किताब मिळाला. गाणी शेकडो वर्षं जुनी, तिने रचलेली नव्हेत. तरी ती 'जीनीने गायलेली' म्हणून ओळखली जातात. जुनं गाणं आणि गाणारणीचं नाव एकत्र नांदू शकतं, एवढं यातून मला कळलं.

एक गोष्ट मात्र तिकडची आणि आपली वेगळी. बॅलड गाणारी सहसा दुसऱ्याची गोष्ट सांगते, राजाची, बुडालेल्या जहाजाची, दगा दिलेल्या प्रियकराची. आपली ओवी 'मी'ने भरलेली आहे. माझं माहेर, माझा बंधू, माझं बाळ, माझी सासू. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या तेव्हा त्या नात्यांप्रमाणेच लावाव्या लागल्या. इतका 'मी' असलेलं आणि तरीही नाव नसलेलं दुसरं काव्य मला माहीत नाही.

आणि यात बायकांची एक हुशारीही होती. सही नसणं ही ढालसुद्धा होती. सासूने गांजलं, नवऱ्याने मारलं, भाऊ भाऊबिजेला आला नाही, हे सरळ बोलायची सोय नव्हती. जात्यावर बोलता यायचं. कोणी विचारलंच तर 'ओवी अशीच आहे, आजी म्हणायची' असं उत्तर तयार. लग्नात विहिणीला गाण्यातून शालजोडीतले देतात तेही असंच. गाणं कोणाचंच नाही म्हणून ते सगळ्यांना म्हणता येतं. तेव्हा सगळीकडे नाव चिकटवत सुटावं, असंही मी म्हणणार नाही. पण बोलताना लपायला जागा हवी होती, म्हणून मेल्यावरही लपवूनच ठेवायचं का?

याचं उत्तर मला पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइट्व्हां यांच्या कामात मिळालं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, तीन हजारांवर बायका. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण केलं. गेल्या दशकात हा खजिना 'पारी' या संकेतस्थळावर यायला लागला. तिथे ओवीबरोबर गाणारणीचं नाव असतं, गाव असतं, पुष्कळदा फोटोही असतो. ओवी पारंपरिकच आहे, पण 'ही या बाईने म्हटली' हे नोंदलेलं आहे. मला वाटतं, योग्य जागी केलेली सही ती हीच.

आता आमच्या जासईकडे येते. नाव काय असतं, हे जासईला सांगायची गरज नाही. १९७० साली सिडको आली, भातशेती आणि मिठागरं गेली. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला इथल्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली. त्यांच्या नावांना आम्ही दरवर्षी वंदन करतो. या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील आमच्याच गावचे. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून २०२१ च्या जूनमध्ये माणसांची साखळी झाली, मोर्चा निघाला, बायाबापड्या उन्हापावसात उभ्या राहिल्या. जो समाज एका नावासाठी एवढा उभा राहतो, त्याला आपल्या धवलारणींची नावं लिहायला कितीसे कष्ट पडतील?

ओवी आमच्याकडे गिरणी आल्यावर थांबली. जातंच बंद पडलं तर ओवी कशावर म्हणणार? लावणीची आणि मळणीची गाणी शेतांबरोबर गेली. जेएनपीटी बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि जिथे पेरे व्हायचे तिथे कंटेनर आले. धवला टिकला, कारण लग्नं थांबली नाहीत. पण हळदीच्या रात्री डीजे लागला की धवलारणीचा आवाज मांडवाच्या खांबापर्यंतसुद्धा पोचत नाही. ती बिचारी आपला विधी उरकते आणि कोपऱ्यात बसते. डीजेचं नाव मोठ्या बॅनरवर असतं, फोन नंबरासकट.

काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत आमच्या भागातले दहा-बारा धवले छापले होते. आनंद झाला. पण प्रत्येक गाण्याखाली 'पारंपरिक' एवढाच शब्द, आणि वर ठळक टायपात संकलन करणाऱ्या गृहस्थांचं नाव. त्यातले निम्मे धवले कोणी सांगितले ते मला माहीत होतं. ती बाई तेव्हा जिवंत होती. तिला प्रतसुद्धा कोणी दिली नव्हती. 'पारंपरिक' हा शब्द खोटा नाही, पण त्याच्या आड एक माणूस पुरतं नाहीसं होतं.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी वही घेऊन आमच्या नात्यातल्या एका धवलारणीकडे बसते. मी तिला बाय म्हणते. वय ऐंशीच्या पुढे. चाल अजून पक्की, दम मात्र पुरत नाही. एक कडवं म्हणते, पाणी पिते, पुढचं म्हणते. पहिल्या दिवशी मी विचारलं, "बाय, वहीवर नाव तुझं लिहू ना?" ती म्हणाली, "गाना काय माजा हाय? गाना मांडवाचा हाय." मला वाटलं, बी.ए.च्या पुस्तकातलं वाक्य हिने चार शब्दांत सांगितलं, संपला विषय. पण तास-दीड तासाने, मी वही मिटून निघताना ती आपणहून म्हणाली, "लिवाचाच आसंल त माजे आयशीचा नाव लिव. मना तिनीच शिकवला."

आणि तिने आईचं नाव सांगितलं. पहिलं, माहेरचं. मी ते त्या दिवशी प्रथमच ऐकलं. आमच्या एवढ्या गोतावळ्यात ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण लग्नात तांदळाच्या ताटात नाव बदललं आणि पुढे अमक्याची आई म्हणूनच ती ओळखली गेली. सातबाऱ्यावर ती नव्हती, दगडावर नव्हती. लेकीच्या गाण्यात तेवढी होती. (ते नाव इथे देत नाही, तो त्यांच्या घरचा हक्क. वहीत पहिल्या पानावर आहे.)

बायच्या त्या एका वाक्याने माझा जुना प्रश्न निम्मा सुटला. नाव नको असं बायकांचं म्हणणं नव्हतंच. त्यांची सही वेगळी होती. पुरुषाची सही सांगते, 'हे मी केलं.' बायची सही सांगते, 'हे मला तिने दिलं.' अ‍ॅना गॉर्डनची मावशी, जीनीची आई, बायची आई. शास्त्रीय संगीतात हीच गोष्ट केवढ्या अभिमानाने सांगतात! केसरबाई केरकर कोणाच्या शिष्या म्हटलं की अल्लादियाखाँसाहेबांचं नाव घेऊन लोक कानाला हात लावतात. त्याला घराणं म्हणतात. धवलारणीचंही घराणंच आहे. ते आई-मुलीचं, मावशी-भाचीचं असल्यामुळे आपल्याला ते दिसत नाही, इतकंच.

सरकारलाही हे उशिरा का होईना सुचलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, स्वतःच्या नावानंतर आणि वडिलांच्या आधी, आईचं नाव लिहायचा नियम झाला. माझी सगळी नोकरी हजेरीपटात मुलांची नावं लिहिण्यात गेली, त्या पटावर आईला रकाना नव्हता. स्वतः माझं सर्टिफिकेट एका नावाचं आणि सर्व्हिस बुक दुसऱ्या नावाचं. पेन्शनच्या वेळी दोन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करायला किती खेटे घातले, ते विचारू नका.

असो. आता नातेवाईकांचं काम. आपल्या लग्नपत्रिका बघा. निमंत्रक, प्रेषक, कार्यवाह, आजोळची मंडळी, चिमुकल्यांची किलबिल, अशी पन्नास-साठ नावं असतात. या मोसमापासून त्यात एक ओळ वाढवा. 'धवलारीण' असं लिहून पुढे तिचं पूर्ण नाव. आणि विधीच्या वेळेपुरता, फार नाही, तासभर डीजे बंद ठेवा. ती गाईल तेव्हा कोणीतरी मोबाइलवर घ्या, पण आधी तिला विचारून. सुरुवातीला तिलाच बोलू द्या: माझं नाव अमुक, माहेर तमुक, गाणं मी अमकीकडून शिकले. एवढ्या तीन गोष्टी तिच्या तोंडून आल्या की पुढे कोणी 'पारंपरिक' लिहिलं तरी हरकत नाही.

माझ्या वहीत सध्या सत्तावीस धवले झालेत. बायच्या मते अजून निम्मे बाकी आहेत. तुमच्या आजीला, काकीला, गावातल्या कोणाला येत असतील तर मला जरूर कळवा. नाव मात्र पूर्ण लिहा, माहेरचंही.